शब्दचर्चा : रायफलीचं 'कॅलिबर' मराठीत कसं सांगायचं?

प्रश्न :

एका अमेरिकन शिकाऱ्याच्या लेखाचा अनुवाद करते आहे. विषय एल्कच्या शिकारीचा. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं थोराड जनावर. लांब अंतरावरून असं मोठं जनावर मारायचं तर रायफलीचं कॅलिबर कसं निवडावं, हे लेखात सांगितलं आहे. कोशात 'नळीचा अंतर्व्यास' मिळाला, पण 'अंतर्व्यास कसा निवडावा' हे काही वाचवत नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या कागलकडे सगळे 'बोअर'च म्हणतात. तोच शब्द ठेवू का? आणि 'लाँग रेंज'ला लांबचा पल्ला म्हणू की लांबचा टप्पा? 'बिग गेम'ला काय म्हणू?

प्रतिसाद :

ताई, 'बोअर' नका ठेवू. छऱ्याच्या बंदुकीचं बारा बोअर म्हणजे बारा काय, हे आधी बघा. नळीत जेमतेम बसेल एवढ्या शिशाच्या गोल गोळ्या ओतल्या, तर बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. त्यामुळे आकडा चढला की नळी बारीक होते. सोळा बोअर बारापेक्षा बारीक, वीस त्याहून बारीक. रायफलीचा हिशेब उलटा आहे. तिथला आकडा थेट इंचाचा किंवा मिलिमीटरचा असतो. .३० म्हणजे इंचाचे शंभरातले तीस भाग, ७.६२ मिमी. छऱ्याची बंदूक वापरलेला माणूस 'तीस बोअर' वाचून भलतंच चित्र डोळ्यांपुढे आणेल. परवान्यावर 'एन. पी. बोअर' (नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी नसलेलं) असतं, निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात हत्यार जमा केलं की पावतीवर '३१५ बोअर' येतं, हे मान्य. ती दप्तराची भाषा आहे, तिथे ती राहू द्या.

पण माझा खरा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तुमचा लेखक नावाला कॅलिबर म्हणतोय, निवडतोय मात्र काडतूस. .३०८ विंचेस्टर, १९०६ सालचं .३०-०६ आणि १९६३ सालचं .३०० विंचेस्टर मॅग्नम ही तीन काडतुसं घ्या. तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.३०८ इंच. फरक आहे तो पुंगळीत, म्हणजे गोळीमागच्या दारू भरलेल्या नळकांड्यात. पहिलीची पुंगळी ५१ मिमी लांब, दुसरीची ६३, तिसरीची ६७ आणि अंगानं जाडसुद्धा. पुंगळी मोठी तितकी दारू जास्त मावते. तीच १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी पहिल्या काडतुसातून सेकंदाला साधारण ८०० मीटरनं सुटते, दुसऱ्यातून ८२० आणि तिसऱ्यातून ९०० मीटरनं. 'व्यास निवडा' असा अनुवाद केलात तर वाचकाच्या लेखी ही तिन्ही एकच ठरतील, आणि लेख लिहिला आहे तो नेमका त्यांच्यातला फरक सांगायला.

शिवाय नावातला आकडाही भरवशाचा नाही. .२७० विंचेस्टरची गोळी मोजली तर .२७७ भरते. आपल्या पोलिसांची जुनी थ्री नॉट थ्री घ्या, तिची गोळी .३११ च्या आसपास. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. काही नावं दोन खाचांमधल्या उंचवट्यांवरून मोजून पडली, काही खाचांच्या तळापासून, आणि काही कारखानदारानं विक्रीसाठी ठेवली. म्हणून ही नावं विशेषनामासारखी जशीच्या तशी लिहा, त्यांचं मिमीत रूपांतर करू नका. व्यासाबद्दलच बोलणं चाललं असेल तिथे 'नळीचा व्यास' लिहा. बाकी सगळीकडे काडतूस.

'गोळी' हा शब्दही सांभाळून वापरा. बोलताना आपण अख्ख्या काडतुसाला गोळी म्हणतो. या लेखात गोळी म्हणजे फक्त पुढे उडून जाणारा भाग. मागे राहते ती पुंगळी, तिच्या बुडाला टोपी, पोटात दारू. हे चारही शब्द आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीपासून आणि पहिल्या काडतुसांपासून रुळलेले आहेत, नवे घडवायची गरज नाही.

प्रतिसाद :

पल्ला आणि टप्पा यांबद्दल लिहितो. दोन्ही शब्द लागतील, पण एकाच्या जागी दुसरा नको.

पल्ला हत्याराचा असतो. टप्पा मारणाऱ्याचा. कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर .२२ ची रायफल चालते, तिची गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तो पल्ला झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं ते ५० मीटरवरच्या स्पर्धेत, आणि तिथलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिमीचं. एवढ्याशा जागी गोळी बसवायची म्हणजे अंतर, वारा, श्वास सगळं नेमबाजाच्या ताब्यात असावं लागतं. टप्पा म्हणतात तो हा. 'सावज टप्प्यात आलं' असं जुने लोक म्हणायचे, 'पल्ल्यात आलं' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शिकारीत हा फरक जनावराच्या जिवाशी येतो. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर नेम जुळवून मारली, तर ५०० यार्डांवर ती एक मीटरहून जास्त खाली पडते. अंतराचा अंदाज चुकला की छातीवर धरलेला नेम पायावर जातो आणि जनावर मोडक्या पायानं रानात शिरतं. वाऱ्याचा हिशेब आणखी अवघड. म्हणून हल्ली ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसाचं एवढं नाव आहे. २००७ साली आलं. त्याची १४० ग्रेनची गोळी सडपातळ आणि लांब, हवेत वेग टिकवते, वाऱ्यानं कमी ढळते. धक्काही बेताचा, त्यामुळे चाप ओढताना माणूस आधीच अंग चोरत नाही. तरी एल्कसारख्या जनावरावर फार लांबून ती मारू नये असंच माझं मत आहे. कागदाला भोक पडणं वेगळं आणि एवढ्या मोठ्या जनावराच्या फुप्फुसापर्यंत गोळी जोरात पोचणं वेगळं. .३०० मॅग्नमचा धक्का ज्याच्या खांद्याला सोसतो त्यानं ते घ्यावं. ज्याला सोसत नाही त्यानं लहान काडतूस घेऊन जवळ जावं, टप्पा कमी करावा.

तर 'लांब पल्ल्याचं काडतूस' बरोबर आहे. पण लेखक 'अमुक अंतरापुढे मारू नका' म्हणतो तिथे 'टप्प्याबाहेर' लिहा.

प्रतिसाद :

'बिग गेम'ला 'मोठं सावज' चांगलं वाटतं. 'मोठी शिकार' नको, कारण शिकार म्हणजे मारण्याची क्रिया आणि मारलेलं जनावर, दोन्ही. पण मूळ शब्दाचा आवाकाही बघून घ्या. अमेरिकेत त्यात एल्क, मूस नावाचं थोराड हरीण, अस्वलं येतात आणि लांबून मारायची चर्चा होते. आफ्रिकेत रानरेडा, हत्ती येतात. तिथे १९१२ सालच्या .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) पासून पुढची जाड काडतुसं वापरतात, तीही बऱ्याच जवळून. एका लेखात दोन्ही आलं असेल तर प्रत्येक ठिकाणी जनावराचं नाव घाला.

सुरुवातीला दोन ओळींची टीप मात्र जरूर द्या. आपल्या राधानगरीकडचं दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव होतं, १९५८ पासून ते गव्यांचं अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. एल्क वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे गवा येऊ नये. गवे हल्ली गावांत, शेतात उतरतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे आभार. शीर्षक असं केलं आहे : 'लांबून मोठं सावज मारायचं तर काडतूस कोणतं?' आता फक्त ग्रेन उरलं. त्याला 'गुंज' म्हणू का?

प्रतिसाद :

गुंज नको ताई, गुंज जवळजवळ दोन ग्रेनची होते. ग्रेनच ठेवा. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. पण वाचकाला वजनाचा अंदाज द्यायचा असेल तर आपल्या हातात एक चांगलं माप आहे. इंग्रजी अमलात तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. वर जिची एवढी चर्चा झाली ती १८० ग्रेनची गोळी म्हणजे पक्की एक तोळा, ११.६६ ग्रॅम. गुजरीत, सराफांकडे, हल्ली दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, म्हणून 'जुना तोळा' असं लिहा आणि कंसात ग्रॅम द्या.