प्रति: नोटर डेमला सोपी वाट मिळाली?

नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर १६-१४ असं हरूनही नोटर डेम विद्यापीठाच्या संघाला अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२४ च्या हंगामात अंतिम फेरीची सोपी वाट मिळाली, हे वरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्या पराभवानंतर त्यांनी सलग १३ सामने जिंकले. शिवाय एक मुद्दा इथे कुणी मांडलाच नाही. त्या वर्षी बारा संघांच्या प्लेऑफमध्ये (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांमध्ये) पहिल्या फेरीतून सूट फक्त कॉन्फरन्स (विद्यापीठ संघांचे साखळी गट) विजेत्यांनाच होती. नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, म्हणजे सगळे सामने जिंकले असते तरी पहिली फेरी चुकली नसती.

इंडियानाविरुद्धच्या त्या फेरीत नोटर डेमच्या जेरेमाया लव्हने ९८ यार्ड धावून टचडाउन केला (म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला) खरा, पण त्याच सामन्यात रायली मिल्ससारखा त्यांच्या बचावातला खंदा खेळाडू गुडघा दुखावून हंगामाबाहेर गेला. पुढे पेन स्टेटविरुद्ध लव्ह स्वतः दुखऱ्या गुडघ्यानिशी उतरला. शेवटच्या दोन यार्डांसाठी एकामागून एक बचावपटू अंगावर झेलत त्याने चेंडू रेषेपार नेला, तो टचडाउन एकदा नीट बघा! (सूट मिळालेले चारही संघ आपापल्या पहिल्याच सामन्यात गारद झाले, हेही खरं.) अंतिम सामन्यात नोटर डेम ओहायो स्टेटकडून ३४-२३ असे हरले, तो त्यांचा हंगामातला सोळावा सामना होता.