जुलाबानंतर पायांतली ताकद गेली, जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) म्हणतायत

मालवणजवळून विचारतेय. भाऊ ३४ वर्षांचा, बोटीवर असतो. पंधरा दिवसांपूर्वी ताप-जुलाब झाले, तीन दिवसांत बरा. परवा चप्पल पायातून निसटत होती, त्याला कळतही नव्हतं. काल खळ्यात मांडी घालून बसला तो हात टेकूनही उठेना. आज हातांना मुंग्या. डॉक्टर म्हणाले, बांबोळीला (गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) न्या. आई म्हणते, ‘काय नाय, अशक्तपणा आसा. पेज जेव, बरो होतलस.’ जुलाब थांबले, मग पाय का जातायत?

उत्तर, रत्नागिरीहून:
ताई, आजच निघा. माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. आम्ही दोन दिवस तेल चोळत बसलो, ते दोन दिवस मला अजून टोचतात.

आम्हाला न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं ते असं: जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या आवरणावरची साखर आणि आपल्या नसांवरचा एक घटक दिसायला सारखे. जंतूला मारायला शरीराने जी प्रतिपिंडं बनवली, ती मग नसांवर जातात. म्हणून पोट बरं झाल्यावर पाय जातात.

पाय दिसतात, पण लक्ष श्वासावर ठेवा. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. ह्यांचे पहिल्या दिवशी २५ झाले, दुसऱ्या दिवशी १२. त्याच रात्री आयसीयूत हलवलं, ९ दिवस व्हेंटिलेटर. गिळताना ठसका लागला तरी लगेच सांगा. आयसीयू नसलेल्या ठिकाणी थांबू नका.

इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं) शिरेतून ५ दिवस दिलं, किंवा रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, बदलतात. दोन्ही महाग, म्हणून सरकारी योजनेची कागदपत्रं आजच बरोबर घ्या. स्टेरॉइडचा याला उपयोग नाही, कोणी सुचवलं तर विचारा. उपचार सुरू झाल्यावरही काही दिवस ताकद उतरतच जाते, तेव्हा घाबरू नका. ह्यांना स्वतःच्या पायाने परसात जायला ४ महिने लागले. आता आंब्याच्या पेट्या उचलतात.

उत्तर, कुडाळहून:
२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात याचे बरेच रुग्ण सापडले, काहींच्या शौचात हाच जंतू होता. लुळेपणा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण विहिरीचं पाणी घरात सगळ्यांनी उकळूनच प्या. आणि साध्या गाडीपेक्षा १०८ला फोन करा, ऑक्सिजन असतो.

मूळ प्रश्नकर्ती:
रुग्णवाहिका मिळाली, आई पण सोबत आहे. बांदा ओलांडलं. मोजायला लावलं, १९ झाले. दर अर्ध्या तासाने लिहून ठेवतेय.