मदत हवी आहे : पहिली नोकरी, वर्षही झालं नाही, सोडू का?

वेर्णा_शिफ्ट
लवकर उत्तर हवं आहे. गोव्यात औषध कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचं काम, पहिलीच नोकरी. आता सहन होत नाही. पगार वीस तारखेच्या आत कधी येत नाही, साहेब सगळ्यांसमोर ओरडतात, नको त्या कागदांवर सह्या करायला लावतात. घरी म्हणतात वर्ष तरी पुरं कर, नाहीतर पुढे कोणी घेणार नाही. सोमवारी राजीनामा देऊ की नको, एवढंच सांगा.

फोंडेकर७
मित्रा, एवढ्यावरून कोण काय सांगणार? दुसरी ऑफर हातात आहे? नोटीस किती? पीएफ कापतात का? बाँड, म्हणजे अमुक वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन असा करार, लिहून घेतलाय का? आणि नेमणूक कसली, कायम, ट्रेनी की अप्रेंटिस? अप्रेंटिस असलास तर सगळे नियमच वेगळे.

कुंडई_जुना
माझी सगळी नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये गेली. पहिल्या साहेबाची बोलणी सगळ्यांनीच खाल्ली आहेत. दोन वर्षं काढ बाबा. भरतीत माणसं निवडायला बसायचो तेव्हा आठ-नऊ महिन्यांत सोडून आलेल्यांचे अर्ज मी बाजूला ठेवायचो. प्लांट समजायलाच वर्ष लागतं. समजला की माणूस निघून जाणार असेल तर त्याला शिकवायचं कशाला?

पुणे_चाकण
काका, तुमचा काळ गेला. मी मडगावचा, पहिली नोकरी सात महिन्यांत सोडली, चाकणला आलो. मुलाखतीत कारण विचारलं, पगार वेळेवर होत नव्हता असं सरळ सांगितलं, विषय संपला. वाईट जागी दोन वर्षं काढली की वाईट सवयी लागतात. गोव्यात इन्स्ट्रुमेंटेशनच्या जागा तरी किती? पुण्याला ये.

वेर्णा_शिफ्ट
ऑफर नाही. नोटीस एक महिना. पीएफ कापतात. ट्रेनी इंजिनिअर म्हणून घेतलं, पगार एकवीस हजार. बाँड आहे, पण तो सगळ्यांनाच असतो ना? पुण्याला जाणं शक्य नाही, आईची तब्येत ठीक नसते. आणि मी मुलगी आहे, सगळे मित्रा-बाबा म्हणताय म्हणून सांगितलं.

फोंडेकर७
बाँड आहे हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! किती वर्षांचा, किती रकमेचा? प्रत तुझ्याकडे आहे का?

पुणे_चाकण
बाँड म्हणजे रद्दी. करार कायद्याचं कलम २७ वाच. कोणाला नोकरी करण्यापासून अडवणारा करार चालत नाही. उद्यापासून जाऊच नकोस, काही होत नाही.

कलम_वाचा
हे अर्धवट ज्ञान मुलांना महागात पडतं. कलम २७ प्रामुख्याने नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांना लागतं. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास भरपाई, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची, दोन लाखांची अशी अट वैध धरली. अर्थात ती सरकारी बँक होती, भरतीच्या खर्चाचा मुद्दा होता. खाजगी कंपनीला त्याच करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, कागदावरचा आकडा आपोआप मिळत नाही. ट्रेनिंगवर खरंच खर्च केला का, हे विचारलं जातं. पण बाँड रद्दी आहे असं समजून वागू नका.

आणि जायचंच बंद करणं तर अजिबात नको. फरार ठरवून पत्र काढतात, अनुभवाचा दाखला अडतो. राजीनामा लेखी, ईमेलने, नोटीस देऊन.

साखळी_क्यूए
सगळे बाँडवर तुटून पडलेत, मला दुसरीच काळजी वाटते. "नको ते कागद" म्हणजे कोणते?

वेर्णा_शिफ्ट
कॅलिब्रेशनचे, म्हणजे उपकरण बरोबर मोजतं का ते तपासल्याच्या नोंदी. प्रेशर गेज, ऑटोक्लेव्हचे (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचे) तापमानाचे सेन्सर. राहून गेलेल्या तारखा ऑडिटच्या आधी भरायला सांगतात. मागचं रीडिंग बघून नवं लिहायचं, तारीख मागची टाकायची, "केलं" खाली माझी सही. एकदा ज्या आठवड्याच्या तारखा भरल्या त्या आठवड्यात मास्टर गेजच, ज्याच्याशी बाकीचे ताडून बघतात तो, बाहेरच्या लॅबमध्ये गेलेला होता. मी म्हटलं, तर म्हणाले, तू नवीन आहेस, सही कर.

बाँड दोन वर्षांचा, दीड लाखाचा. प्रत दिली नाही. जॉईन होताना एक सही केलेला चेकही घेतला, रक्कम आणि तारीख न घातलेला.

साखळी_क्यूए
बाय, नीट ऐक. मास्टर गेजच्या दाखल्यावर लॅबच्या तारखा असतात. तपासणीला येणारा माणूस आधी तेच दोन कागद शेजारी ठेवतो. त्या दिवशी साहेब म्हणणार, सही हिची आहे, मला काय माहीत. ऑटोक्लेव्हचा सेन्सर चुकीचं तापमान दाखवत असेल तर निर्जंतुक म्हणून बाहेर पडलेली इंजेक्शनं निर्जंतुक नसतील. हा प्रश्न सीव्हीच्या पलीकडचा आहे. आजपासून न केलेल्या कामावर सही नाही. क्यूए (गुणवत्ता विभाग) प्रमुखांना ईमेल कर : अमुक उपकरणांचं कॅलिब्रेशन अमुक काळात झालेलं नाही, पुढे काय करू?

कुंडई_जुना
मी वर दोन वर्षं काढ म्हटलं ते मागे घेतो. ओरडणारा साहेब बदलतो, बदली होते, निवृत्त होतो. खोट्या नोंदीखालची सही रेकॉर्डवर राहते. असल्या जागी नऊ महिनेही जास्त झाले. माझ्याकडे असा अर्ज आला असता आणि कारण कळलं असतं, तर मी तो वर ठेवला असता.

पुणे_चाकण
त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेव. पुरावा लागेल.

साखळी_क्यूए
नको! नियंत्रित कागद बाहेर नेले म्हणून उलट तिच्यावरच कारवाई करतील. उपकरणाचा नंबर, तारीख, कोणी सांगितलं, हे स्वतःच्या वहीत लिही. ईमेल आणि वही पुरे. बांबोळीला अन्न व औषध प्रशासन आहे. तिथे तक्रार करायची की नाही ते नंतर, शांतपणे ठरव.

डिचोली_नोकरी
खाजगीच्या नादी लागूच नये. गोवा कर्मचारी भरती आयोगाच्या जागा निघतात, वीज खात्यात, बांधकाम खात्यात. कोकणी येतं ना, ते सक्तीचं आहे.

फोंडेकर७
आणि मराठी फक्त "असल्यास उत्तम". १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला कामकाजात जागा दिली आहे, मग नोकरीत का नाही? मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पोरांनी...

डिचोली_नोकरी
आमची पोरं घरी कोकणीच बोलतात, त्यांना कसली अडचण? उगाच वाद.

कलम_वाचा
दोघांनी त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे कोऱ्या चेकचा प्रश्न आहे आणि तो बाँडपेक्षा तातडीचा आहे. सही केलेल्या कोऱ्या चेकवर कंपनी रक्कम घालून तो बँकेत टाकू शकते. न वटता परत गेला तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ ची, पैसे भरा अशी नोटीस येते, मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते. नुसतं स्टॉप पेमेंट केल्याने, म्हणजे बँकेला चेक वटवू नका असं कळवल्याने, कलम १३८ टळत नाही, देणं खरंच होतं का हे तिथे पाहिलं जातं. म्हणून राजीनाम्याच्या आधी लेखी कळव : हा चेक फक्त तारण म्हणून घेतला होता, माझ्याकडे कोणतंही देणं नाही, परत करावा, बाँडची प्रत द्यावी. मग बँकेत स्टॉप पेमेंट.

म्हापसा_एचआर
पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढला तर कर लागतो. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.

वेर्णा_शिफ्ट
पीएफचं मी विचारलंच नव्हतं. पगाराचं काय? मागच्या महिन्याचा अजून आलेला नाही.

कुंडई_जुना
पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात श्रम आयुक्तांचं कार्यालय आहे. पण इंजिनिअर म्हटलं की तिथे सांगतात, तुम्ही कामगार नाही.

कलम_वाचा
कामगार की नाही हा वाद औद्योगिक संबंध संहितेतला. सुपरवायझर असून पगार अठरा हजारांच्या वर असेल तर ती लागत नाही. वेतन संहितेत "कर्मचारी" या शब्दात सुपरवायझर, मॅनेजर सगळे येतात. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि राजीनामा दिल्यावर बाकी पगार कामाच्या दोन दिवसांत. अर्जात वेतन संहिताच लिही. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वेर्णा_शिफ्ट
क्यूए प्रमुखांना ईमेल केला. सोमवारी रजा टाकून आधी विधी सेवा, मग पाटो. चेकचं पत्र त्यांना दाखवूनच पाठवते, राजीनामा त्यानंतर. घरी बाबांना सह्यांचं सांगितलं. ते म्हणाले उद्याच सोड, पण मी क्रमानेच जाणार. एकच अडलंय, बँकेचं अॅप स्टॉप पेमेंटला चेकचा नंबर मागतं आणि मी तो लिहून ठेवलेला नाही.

फोंडेकर७
चेकबुक काढ. फाडलेल्या पानाच्या आधीचा आणि नंतरचा नंबर बघ, मधला तोच. पहिलंच पान दिलं असशील तर पुढच्यातून एक वजा कर. पत्रातही तोच नंबर घाल.