चर्चा: समुपदेशकाने देवाच्या प्रसादाबद्दल विचारावं का?

डिचोलीकर:
मावशीला वर्षभर झोप नाही, छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल. पहिल्या समुपदेशक बाई हुशार, पण प्रत्येक वाक्यात 'बाउंड्री आखा'. एकत्र कुटुंब, विहीर सामायिक, चूलसुद्धा कालपरवापर्यंत एकच. बाउंड्री आखायची कुठे, तुळशीपाशी? म्हापशातल्या दुसऱ्या बाईंनी वही मिटून विचारलं, "प्रसाद घेतलो? पाकळी खंयच्या वटेन पडली?" म्हणजे देवाला कौल लावलात का, मूर्तीला लावलेली पाकळी कुठल्या बाजूने पडली; उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. डावी पडली होती. देव आपल्यावर रुसलाय, हे मावशी तेव्हापासून मनात धरून बसली होती आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या मते समुपदेशकाने हे विचारलंच पाहिजे.

साखळीचा वाटसरू:
वाचायला गोड वाटतं. माझ्या भावाला आवाज ऐकू यायचे. दोन वर्षं घाडी म्हणजे गावचा मांत्रिक, नारळ, कोंबडे. सगळे म्हणायचे, श्रद्धा आहे, दुखवू नका. शेवटी बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेला, औषधं सुरू झाली, चार महिन्यांत कामावर गेला. ती दोन वर्षं कोण भरून देणार? तुमच्या बाईंनी पाकळी विचारली की घरचे म्हणणार, बघा, डॉक्टरसुद्धा मानतात!

डिचोलीकर:
विचारलं म्हणजे मानलं असं नव्हे हो. बाईंनी पाकळीचा अर्थ लावला नाही. पाकळी पडली तेव्हा मनात काय आलं, एवढंच विचारलं. मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठीही दिली.

आरोग्य केंद्रवाली:
आमच्याकडे कुणी 'मला डिप्रेशन आहे' म्हणत येत नाही. 'न्हीद येना', 'टेन्शन', 'आंग दुखता'. हे ओळखूनच गोव्यात 'संगाथ' या संस्थेने 'मानस' प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाला बसवलं. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत रुग्णांना स्पष्ट फायदा, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. तेव्हा लोकांच्या बोलीत बोलणं म्हणजे उपचार पातळ करणं, हे मला पटत नाही. वाटसरूंच्या भावाची गोष्ट वेगळी; आवाज ऐकू येत असतील तर नुसत्या गप्पांत वेळ घालवणं चूकच.

मांडवीकाठ:
सगळे देवळाभोवतीच फिरताय. 'संस्कृती समजणारा' समुपदेशक मलाही भेटलाय. मी समलिंगी आहे असं सांगितलं, तर म्हणाला, "आईचं वय बघ, आपल्याकडे घर मोडत नाहीत, लग्न करून बघ." अगदी प्रेमाने. कोकणीतच! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. लैंगिक कल, धर्म, जात यांवरून उपचारात भेदभाव करायलाही मनाई आहे. त्या गृहस्थाने संस्कृती विचारली ती माझ्या आईची. माझी कुणी विचारली?

डिचोलीकर:
हे मी धरलंच नव्हतं. मावशीला तरी देव तिचाच वाटतो, म्हणून निभावलं. घरच्यांची बाजू घेणारा माणूस मिळाला असता तर तिचंही काही खरं नव्हतं. जाऊबाईंबद्दल ती जे बोलली ते घरात कुणाला कळलं तर… जाऊ दे.

साखळीचा वाटसरू:
एकच सांगा. मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी कितव्या भेटीत दिली?

डिचोलीकर:
तिसऱ्या.

साखळीचा वाटसरू:
माझा भाऊ असता तर पहिल्याच भेटीत द्यायला हवी होती. पाकळी नंतर विचारा, कितीही वेळ.