ऐकलेलं इंग्रजी कळत नाही, बोलायला तोंड उघडत नाही

नवा_गुरुजी :
जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवतोय, पहिलंच वर्ष. वर्गात 23 मुलं. फळ्यावर "व्हॉट डिड यू ईट?" लिहिलं की निम्मा वर्ग अर्थ सांगतो. तेच मोबाईलवर ऐकवलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. रोज 10 शब्द पाठ करून घेतो, शनिवारी विचारले की गायब. बोलायचं म्हटलं की माना खाली. वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलेलं कुणी सांगेल का?

माणदेशी_बाई :
सर, मी 19 वर्षं माण तालुक्यात शिकवतेय. मुलं कच्ची नाहीत हो. कागदावर सुटे दिसणारे शब्द बोलताना एकमेकांत मिसळतात. कानावर येतं "व्हॉडिजू ईट", आणि ते त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं. म्हणून मी वाक्य आधी ऐकवते, तीनदा, आणि मगच फळ्यावर लिहिते. प्रत्येक वेळी एकच प्रश्न : कोण बोलतंय? मग कुठे? मग बाकीचं. प्रश्न ऐकवायच्या आधी सांगायचा. नंतर विचारला तर ती पाठांतराची परीक्षा होते.

पहिला महिना बोलायची सक्ती करू नका. "ओपन द विंडो", "हाईड युवर बुक" असं सांगायचं आणि त्यांनी ते करायचं. बस.

शब्दांची यादी मात्र बंद करा. शब्द मुलांच्या घरी, रानात आहेत : मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाईप, व्हॉल्व्ह, ड्रिप, फिल्टर. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पाचवीचं अख्खं वर्ष इंग्रजीच्या तासाला त्यानं ब्र काढला नव्हता. एकदा मी म्हटलं, तुमच्या विहिरीवरचं काहीतरी सांगा. हा उठला, फळ्यावर स्टार्टरची पेटी काढली, हिरवं बटण, लाल बटण, आणि म्हणाला, "टीचर, नो थ्री फेज. मोटर नॉट स्टार्ट. फादर गो नाईट." मोटरला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची येत होती, वडील अंधारात पाणी द्यायला जायचे. मी चूक काढली नाही. एवढंच म्हटलं, "ओह, युवर फादर गोज ॲट नाईट?" तो म्हणाला, "येस, गोज ॲट नाईट. आय गो. टॉर्च." मला अजून तो आवाज आठवतो. बरोबर वाक्य आपण सहज बोलून दाखवायचं, पोराला मध्ये तोडायचं नाही. तोडलं की परत वर्षभर गप्प.

उच्चारवेडा :
बाईंशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. आपण 'दिन' आणि 'दीन' लिहितो वेगळं, पण बोलताना बहुतेक सारखंच बोलतो. ह्रस्व-दीर्घ आपल्याकडे कागदावर उरलंय. म्हणून 'शिप' आणि 'शीप' मधला फरक मुलांच्या कानाला पकडता येत नाही. फळ्यावर एक जहाज काढा, एक मेंढी. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलानं धावत जाऊन चित्राला हात लावायचा. रोज पाच मिनिटं. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट'चंही तसंच : पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. हातात आरसा दिला की मुलांना लगेच दिसतं.

सहावीची_आई :
पण परीक्षा तर लेखीच असते ना? वही कोरी दिसली की घरी आम्हाला काळजी वाटते.

माणदेशी_बाई :
ताई, वर्षभर वर्गात चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहेच, त्यात याची रीतसर नोंद होते. आणि आधी बोललेलं वाक्य मुलं वहीत न अडखळता लिहितात, हे मी दरवर्षी बघते.

नवा_गुरुजी :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्ग शाळेमागच्या हापशावर नेला. कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "सर, हँडल हेवी. टू गर्ल्स पुश." मी म्हटलं, "टू गर्ल्स पुश इट?" ती म्हणाली, "येस, पुश इट. वॉटर लेट कम." मग सगळेच बोलायला लागले, तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. एकानं विचारलं, वॉशरला इंग्रजीत काय म्हणतात? वॉशरच, म्हटलं. त्याचा विश्वासच बसेना, शब्दकोश उघडून दाखवावा लागला.