मदत हवी आहे: दोन कार्ब्युरेटर जुळवण्यासाठी घरगुती मापक
माझ्या ट्विन सिलिंडर बाइकचे दोन्ही कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे भाग) हवा सारखीच ओढतात का, हे बघायला पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधली, टू-स्ट्रोक ऑइल भरलं आणि एकेक तोंड एकेका कार्ब्युरेटरच्या बाजूला जोडलं. अशा मापकात पाराही भरता येतो, पण तो विषारी, नकोच. ऑइल थोडंसं इंजिनात गेलंच तर जळून जातं. पण इंजिन सुरू होताच ऑइल इतकं उसळतं की पातळी वाचताच येत नाही. शिवाय ज्या बाजूला ओढ जास्त, तिकडे ते सरळ धावत सुटतं. नळीच्या दोन्ही तोंडांशी बारीक भोक ठेवलं तर झटके कमी होतात, एवढं कळलंय. त्यासाठी जुने पायलट जेट (कार्ब्युरेटरमधले बारीक भोकाचे छोटे भाग) चालतील का? की त्याने ऑइल फारच सावकाश हलेल? कुणी बनवलं असेल तर भोकाचं माप आणि नळीची लांबी प्लीज सांगा.