मदत हवी आहे: भिडू अलर्ट करायला विसरला तर ओपनिंग करणाऱ्याने कधी बोलायचं? (ब्रिज)

नमस्कार मंडळी,

डुप्लिकेट ब्रिज (सगळ्या टेबलांवर तीच पानं वाटलेली असतात तो) खेळणाऱ्या जाणकारांकडून खुलासा हवा आहे. मी तीन वर्षं खेळतेय. माझे भिडू म्हणजे माझे मामा, वय ७४, उभा जन्म ब्रिजमध्ये गेलेला. गेल्या दिवाळीनंतर आम्ही 'मल्टी' खेळायला घेतलं. म्हणजे २ चौकट ही ओपनिंग (डावातली पहिली बोली), पण चौकटशी तिचा संबंध नाही. हातात बदामाची किंवा इस्पिकची सहा पानं आणि पॉइंट (मोठ्या पानांचे गुण) कमी, एवढंच ती सांगते. अशी नेहमीपेक्षा वेगळ्या अर्थाची बोली आली की समोरच्यांना सावध करायला भिडूने अलर्टचं कार्ड दाखवायचं आणि कुणी विचारलं तर अर्थ सांगायचा.

एका शनिवारी क्लबात माझ्याकडे इस्पिकचे राजा, राणी, दश्शी धरून सहा पानं, चौकटची एकटी नव्वी, किलवरचा गुलाम, बाकी फुटकळ. एकूण ६ पॉइंट. मी २ चौकट लावलं. मामांनी कार्ड दाखवलं नाही. माझ्या डावीकडच्या काकांनी विचारलं, "म्हणजे काय?" मामा शांतपणे म्हणाले, "वीक टू. चौकटची सहा पानं." म्हणजे कमी पॉइंट आणि खरोखरची लांब चौकट.

माझ्या पोटात गोळा आला. पण बिडिंग (बोली लावणं) चालू असताना भिडूची चूक दुरुस्त करायची नाही, चेहऱ्यावरही दाखवायची नाही, एवढं ठाऊक होतं. काका पास. मामांनी ३ चौकट लावलं. उजवीकडून पास. आमच्या कन्व्हेन्शन कार्डावर (आमच्या बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड) मल्टीनंतरचं ३ चौकट म्हणजे मामांची स्वतःची लांब चौकट, आणि फोर्सिंग, म्हणजे मला पास करता येत नाही. मामांचं उत्तर कानावर पडलंच नाही असं धरून मी ३ इस्पिक लावलं. मग तिघंही पास.

नऊ हात झाले, १४० मिळाले. शेवटचं पान पडल्यावर मी म्हटलं, "सॉरी, ते मल्टी होतं." काकांनी लगेच डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावलं. त्यांच्याकडे १४ पॉइंट आणि चौकटची चार पानं होती. "नैसर्गिक चौकट समजून मी गप्प बसलो, मल्टी कळलं असतं तर डबल दिला असता," ते म्हणाले. शिवाय मामांचं उत्तर ऐकूनच मी इस्पिकात पळाले, असंही म्हणाले. त्यांनी ४ बदाम लावून जिंकलं असतं असं धरून डायरेक्टरने आमचे १४० काढून त्यांना ६२० दिले. निकालाबद्दल तक्रार नाही, त्यांचं नुकसान झालंच होतं. पण मामा तेव्हापासून दोन शनिवार आलेले नाहीत.

माझे प्रश्न:
१) मी नेमकं कधी बोलायला हवं होतं?
२) ३ इस्पिक लावणं चुकीचं होतं का?
३) आमचं १ किलवर दोनच पानांवरही येतं (पानांची वाटणी ४-४-३-२, किलवरची फक्त दुर्री आणि तिर्री). ते अलर्ट करायचं की नुसतं तोंडी सांगायचं?

---

प्रतिसाद:

ताई, २०१७ च्या नियमावलीतला नियम २० (फ) वाचा. अलर्ट न करणं हेसुद्धा चुकीचं स्पष्टीकरणच धरलं जातं. तुमची बाजू डिक्लेररची (शेवटची बोली तुमची, म्हणून हात करायचे तुम्ही), म्हणून शेवटचा पास झाल्यावर, लीड (पहिलं पान) पडायच्या आधी, तुम्हीच डायरेक्टरला बोलावून खरा अर्थ सांगायला हवा होता. बचावाच्या बाजूला असता तर डाव संपेपर्यंत थांबावं लागलं असतं. तुम्ही दुसऱ्या परिस्थितीचा नियम पाळलात. वेळेत बोलला असतात, तर उजवीकडच्यांना शेवटचा पास मागे घेण्याची मुभा डायरेक्टर देऊ शकला असता. काकांचा पास मात्र परत आला नसता, कारण त्यानंतर त्यांच्या भिडूची बोली होऊन गेली होती. तिथे स्कोअर बदलणं हाच उपाय.

३ इस्पिक माझ्या मते बरोबर. कार्डावर फोर्सिंग लिहिलंय, तुमची सहा पानं इस्पिकची, दुसरं लावणार काय? पुढच्या वेळी ते कार्डच डायरेक्टरपुढे ठेवा. आणि ३ इस्पिक ऐकून मामांना आठवलं असेल तर त्यांनीही स्वतःहून डायरेक्टरला बोलवायचं होतं. आपली चूक आपल्याला बिडिंग चालू असतानाही सांगता येते, भिडूची येत नाही.

छोट्या किलवरचं उत्तर स्पर्धा कोण भरवतंय त्यावर आहे. इंग्लंड-अमेरिकेत भिडू तोंडी सांगतो की किलवर कमी पानांचं असू शकतं. तुमच्या क्लबात काय चालतं ते डायरेक्टरला आधीच विचारून ठेवा. ऑनलाइन खेळताना बोली लावणाराच आपला अर्थ लिहितो आणि भिडूला तो दिसत नाही. मामांना थोडे दिवस तिथे बसवा, मल्टी अंगवळणी पडेल.

---

धागाकर्ती:

मनापासून आभार. लीडच्या आधी बोलायचं हे खरंच माहीत नव्हतं, डाव संपेपर्यंत गप्प बसणं हाच सभ्यपणा असं वाटत होतं. काकांना फोन करून माझं हे चुकलं म्हणून सांगते. तुमचा प्रतिसाद छापून संध्याकाळी मामांकडे घेऊन जातेय, सोबत पत्त्यांचा जोडही.